शून्य मीटर चूक

१

मला वाटलं होतं, गल्लीतली माणसं दारात उभी राहून माझी वाट बघत असतील. इतक्या वर्षांत त्यांना कोणी नाव विचारलं नव्हतं, ते मी विचारणार होते. दूरच्या विद्यापीठात नकाशाशास्त्र शिकताना मी हे चित्र मनात इतक्या वेळा रंगवलं होतं, की त्यातले चेहरेसुद्धा ठरलेले होते.

प्रत्यक्षात दारं बंद होती. एक दार बोटभर उघडलं आणि आतून प्रश्न आला, "मीटर बघायला आलात?"

"नाही, नकाशा करायला आलेय."

"मग उद्या या. आज घरभर कपडे वाळत घातलेत."

शहराच्या नकाशावर ती गल्ली नव्हतीच. जुन्या छापखान्याच्या मागे एक करडा डाग होता आणि त्यावर लिहिलं होतं, मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतून नवा रस्ता जायचा होता, पट्टीने ओढल्यासारखा सरळ. नगररचना विभागाच्या प्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी मला स्पष्ट सांगितलं, "नकाशा आणा. घरं दिसली तर रस्ता वळवू. नाही दिसली, तर माझं पेन काय करणार?"

त्या करड्या डागात माझी मावशी राहते. आईच्या बदल्यांच्या नोकरीमुळे माझं लहानपण तिच्याच घरात गेलं. मावशी चित्रांना, फोटोंना, आरशांना चौकटी करून देते. परत आल्यावर मी पायांना हात लावला तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढं शिकून आलीस, आणि फोन घेऊन दारोदार फिरणार? तसे तर विजेच्या बिलवालेही फिरतात."

मदतीला ऑफिसने एक मुलगा दिला होता, साधारण माझ्याच वयाचा. त्याच्या खिशांत, पिशवीत, कमरेच्या पट्ट्याला, सगळीकडे फोन चार्ज करायचे ठोकळे असायचे, म्हणून सगळे त्याला बॅटरी म्हणत. तो मला परदेश म्हणायचा. "काय गं परदेश, आज कुठल्या देशावर स्वारी?"

माझा एक नियम होता. खुर्चीत बसून एकही बिंदू टाकायचा नाही. प्रत्येक घराचा बिंदू त्या घराच्या दारात उभं राहून, आत राहणाऱ्या माणसाला नाव विचारून घ्यायचा. हे मी इतक्या वेळा बजावलं, की बॅटरी माझा आवाज काढून दाखवायला लागला. मी चिडत नसे. नकाशावर माणूस यायचा तर तो असा, उंबऱ्यावरून, स्वतःच्या नावासकट यायला हवा, असं मला मनापासून वाटत होतं. अजूनही वाटतं.

२

फोन जागा दाखवतो तेव्हा बिंदूभोवती एक निळं वर्तुळ असतं. खरी जागा या वर्तुळात कुठेतरी आहे, एवढंच फोन सांगू शकतो. वर्तुळ मोठं असेल तर चूक मोठी. उघड्या आकाशाखाली तीन-चार मीटरांची चूक म्हणजे उत्तम. छपराखाली वर्तुळ फुगतं. शून्यावर ते कधीच येत नाही. कुठलंच मोजमाप शून्य चुकीचं नसतं, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवतात.

आम्ही दारं घेतली, मग घरांचे कोपरे घेतले आणि ते ऑफिसच्या संगणकावर जोडले. करड्या डागात एकेक घर उमटायला लागलं. मी खुर्चीत सरसावून बसले. खरं सांगायचं तर डोळे भरून आले होते.

"रडतेस काय? अजून जिने राहिलेत," बॅटरी म्हणाला. मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

मावशीचं घर आणि शेजारच्या घड्याळजींचं घर यांच्यामध्ये एक पांढरा चौकोन होता, एका खोलीएवढा. त्या दोन घरांना तर एकच भिंत आहे.

"फट आहे. फोनची चूक," मी म्हणाले.

"म्हणजे तुझा फोन घड्याळकाकांना लाजून लांब उभा राहिला."

फटी अनेक घरांमध्ये होत्या, त्यात नवल नव्हतं. उपाय सोपा असतो. तेच कोपरे पुन्हा पुन्हा घ्यायचे आणि सरासरी काढायची. चुका एकमेकींना खाऊन टाकतात. आम्ही ते केलं. गल्लीतल्या सगळ्या फटी हळूहळू मिटल्या, भिंतीला भिंत लागली.

ती एक मिटली नाही. उलट तिच्या कडा आणखी धारदार झाल्या.

३

मी टेप घेऊन गेले. बॅटरीने एक टोक धरलं. रस्त्यावरून मावशीचं दार, घड्याळजींचं दार आणि मधली भिंत मोजली. भिंत वीतभर जाडीची. बाहेरून मोजलेली लांबी आणि दोन्ही घरांच्या आतल्या लांब्या यांचा मेळ बसला. मध्ये बोट घालायलाही जागा नव्हती.

मग मी मावशीच्या घरात त्या भिंतीसमोर उभी राहिले, आणि या घरात इतकी वर्षं राहूनही न दिसलेली गोष्ट मला दिसली.

मावशीच्या घरात भिंत दिसत नाही. छतापासून जमिनीपर्यंत चौकटी टांगलेल्या असतात, काही भरलेल्या, काही रिकाम्या, काही गिऱ्हाइकांनी न नेलेल्या. या एका भिंतीवर काही नव्हतं. साधा खिळा नव्हता, जुन्या खिळ्याचं भोकही नव्हतं.

"इथे काही टांगलं नाहीस ते?"

मावशी पट्टीला करवत लावत होती. तिने मान वर केली नाही. "ती घड्याळजींची भिंत आहे. दुसऱ्याच्या भिंतीत कशाला खिळा ठोकायचा?"

घड्याळजींकडे गेले. त्यांच्या तीन भिंती घड्याळांनी भरलेल्या, आणि सगळी आपापल्या मनाने टिकटिकत असतात. एकाचं मिनिट दुसऱ्याला मान्य नसतं. चौथी भिंत रिकामी होती.

"ती तुझ्या मावशीची भिंत, बाळ," काका म्हणाले. "विचारल्याशिवाय कसं ठोकणार?"

"मग इतक्या वर्षांत विचारलं का नाहीत?"

त्यांनी डोळ्यावरची भिंगाची नळी काढली. ते त्या भिंतीकडे वळले. "खरंच की," ते म्हणाले. "विचारायचं सुचलंच नाही."

मी परत मावशीकडे आले आणि भिंतीला कान लावला. वीतभर भिंतीपलीकडे एवढी घड्याळं होती. शाळेत असताना गोणपाटाच्या पडद्यामागून शेजारच्या वर्गाचे पाढे ऐकू यायचे, तसा तो आवाज यायला हवा होता. काहीच आलं नाही. जाड भिंतीची मुकी शांतता मला माहीत आहे. ही तशी नव्हती. ही मोकळ्या जागेची शांतता होती. रिकाम्या खोलीचं दार उघडल्यावर आत पाऊल टाकायच्या आधी जी कानाला लागते, ती.

मी लहान असताना या घरात झोपत होते. त्या भिंतीकडे डोकं करून कधी झोपले होते का, आठवून पाहिलं. आठवलं नाही.

सवयीने फोन बघितला. छपराखाली, बंद खोलीत, निळं वर्तुळ आकसत चाललं होतं. मी फोन भिंतीच्या आणखी जवळ नेला. वर्तुळ बिंदूएवढं झालं आणि मग दिसेनासं झालं. खाली बारीक अक्षरांत आकडा होता. चूक: शून्य मीटर.

"फोन बिघडलाय तुझा," बॅटरी म्हणाला. त्याने स्वतःचा काढून भिंतीशी धरला. मग तो खिशात ठेवला.

"काय आला?"

"माझाही बिघडलाय."

४

शाळेत असताना मावशीकडे एक गिऱ्हाईक लाकडी गोळा घेऊन आलं होतं. त्याला त्यावर सोनेरी कागद चिकटवून हवा होता, एकही सुरकुती न पडता. मावशीने दिवसभर झटापट केली. कागद ताणला तर फाटायचा, सैल सोडला तर चुण्या पडायच्या. शेवटी तिने गोळा त्याच्या हातात दिला. "याला चौकट करून देते हवी तर. गोल वस्तू सपाट कागदाला दाद देत नाही."

माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात होतं. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. एकाचं दुसऱ्यावर उतरवण्याच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. अशा रीती शेकडो आहेत आणि प्रत्येक कुठेतरी खोटं बोलते. कोणी आकार राखतं आणि क्षेत्रफळ फुगवतं. कोणी क्षेत्रफळ राखतं आणि आकार पिळतं. बिनखोटेपणाचं प्रक्षेपण नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मी म्हणाले, "एक करून बघू. गल्ली वेगवेगळ्या प्रक्षेपणांत टाकू. कोपऱ्यांच्या आकड्यांत चूक असेल तर ती कुठेतरी बाहेर पडेल."

"टाक. तेवढीच गल्लीची सहल."

पहिल्या प्रक्षेपणात घरं जराशी फुगली. पांढरा चौकोन फुगला नाही. त्याच्याभोवती केसाएवढी एक रिकामी कड उरली, अंगाला ढगळ होणाऱ्या सदऱ्यासारखी.

दुसऱ्यात घरं दबून बसकी झाली. चौकोन होता तसाच.

मग मी मुद्दाम एक विचित्र प्रक्षेपण घेतलं. त्याची मधली रेषा जगाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, म्हणजे आमची गल्ली अगदी कडेला येऊन आडवीतिडवी व्हावी. ती झाली. सगळी घरं एका बाजूला कलली, कप्प्यात आधार सुटलेल्या पुस्तकांसारखी. मावशीचं घर कललं. घड्याळजींचं कललं. आणि त्या दोघांच्या मध्ये तो चौकोन सरळ उभा होता. चारही कोपरे काटकोनात.

कललेल्या दोन भिंतींमध्ये सरळ जागा मावेल कशी? मी प्लास्टिकची पट्टी पडद्यावर लावून बघितली. भिंती कललेल्या होत्या. चौकोन सरळ होता. दोन्ही एकाच रेषेला लागून होते. डोळ्यांना ते दिसत होतं, आणि डोक्यात मात्र बसत नव्हतं.

प्रक्षेपण बदललं की पृथ्वीवरची प्रत्येक गोष्ट थोडी तरी वाकते, कारण ती गोलावर असते. जी वाकत नाही ती कुठे असेल, या प्रश्नाशी मी थांबले. त्याच्या पुढे विचार न्यायची माझी तयारी नव्हती.

मी बॅटरीकडे पाहिलं. त्याने विनोद केला नाही. पट्ट्याचा एक ठोकळा काढून तो उगीचच त्याचं बटण दाबत होता.

५

तेवढ्यात बाई टेबलाशी आल्या. "उद्या सकाळी बैठक आहे. तुमची गल्ली अजून लाल दिसतेय."

ऑफिसच्या यंत्रणेला रिकामी जागा चालत नाही. दोन घरांमध्ये कोणाचीच नसलेली जागा राहिली, तर ती गल्ली लाल दाखवते आणि अख्खा नकाशा परत पाठवते. आणि परत आलेला नकाशा म्हणजे पुन्हा करडा डाग, करड्या डागातून रस्ता.

"बाई, ती जागा प्रत्यक्षात नाहीये."

"मग अडचण काय? नसलेली जागा कोणालाही देऊन टाका. हे सगळेच करतात हो. कडा ओढायची, शेजारच्या घराला चिकटवायची. एवढ्यासाठी गल्ली घालवाल का?"

त्यांचं खोटं नव्हतं. हे खरंच सगळे करतात. जगातल्या प्रत्येक नकाशात अशा फटी कोणी ना कोणी खुर्चीत बसून मिटवलेल्या असतात. मी मावशीच्या घराची कड धरली, घड्याळजींच्या भिंतीपर्यंत ओढली आणि सोडली. चौकोन मावशीच्या घराच्या रंगात बुडाला. गल्ली हिरवी झाली.

"अभिनंदन," बॅटरी हळूच म्हणाला. "मावशीला एक खोली मिळाली."

आपण नियम मोडला, हे मला तेव्हा जाणवलं नाही. मी दारात उभी नव्हते आणि कोणाला नावही विचारलं नव्हतं.

६

बातमी सांगायला संध्याकाळी मावशीकडे गेले. दिवेलागणीची वेळ होती. दार नुसतं लोटलेलं होतं. करवतीचा आवाज नव्हता, डिंक तापवायची शेगडी थंड होती. ओट्यावर अर्धी जोडलेली चौकट पडलेली होती. मावशी काम असं अर्धं टाकत नाही.

"मावशी?"

"इथे आहे गं."

आवाज त्या भिंतीकडून आला. भिंतीत दार होतं. खरं तर दार नव्हतं, नुसती दाराएवढी उघडी जागा. तिला चौकट नव्हती. आयुष्यभर चौकटी करणाऱ्या बाईच्या घरात ती उघडी कड बघून आधी मला विचित्र वाटलं आणि मग भीती वाटली, याच क्रमाने.

आत खोली होती. उजेड होता, पण तो कुठून येतोय ते कळत नव्हतं आणि कशाचीच सावली पडत नव्हती. मधोमध स्टुलावर मावशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिच्या हातात गुण्या होता, कोन तपासायची ती लोखंडी पट्टी.

"ये ना आत," ती म्हणाली. "बघ तरी. कुठल्याही कोपऱ्याला लाव, बसतो. केसाचीही फट राहत नाही. एवढी वर्षं मी लाकूड घासत बसले, आणि हे इथे शेजारीच होतं."

"मावशी, बाहेर ये. चहा करू."

"बाहेर सगळं वाकडं आहे गं. तुला कळायचं नाही. नाही, तुला कळेल. तूही तेच शोधत फिरतेस ना?"

मला तिचा चेहरा बघायचा होता. मी डावीकडे सरकले. तिची पाठच दिसली. उजवीकडे गेले. पाठ. तेवढीच, तशीच. अंबाडा त्याच जागी, डाव्या खांद्यावरची तीच सुरकुती. मग लक्षात आलं, की मी हलत होते पण खोली हलत नव्हती. बाजूला सरकलं की दारातून दिसणारं थोडं बदलतं, एक कोपरा झाकला जातो, दुसरा उघडतो. इथे काहीच बदलत नव्हतं. मी उकिडवी बसले, डोकं जमिनीला टेकवलं. तोच कोपरा, तीच पाठ, त्याच अंतरावर. जिथून बघावं तिथून सारखीच.

"काय करतेस खाली?" मावशीने विचारलं. तिने मान वळवली नव्हती.

मी आत जाऊन तिला हाताला धरून ओढणार होते. पाय उंबऱ्याशी अडला. मला कोणी अडवलं नाही. माझी मीच अडले, कारण आत जावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. हातातल्या फोनवर वर्तुळ नव्हतं. चूक: शून्य.

मी बाहेर पळाले आणि शेजारच्या दारात थडकले. घड्याळजी काका स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होते. त्याच भिंतीत. काल रिकामी असलेली भिंत घड्याळांनी भरत आली होती.

"काका, मावशीकडे ती खोली..."

"कोणती? तिची आतली? ती तर पहिल्यापासून आहे." ते हसले. "तिला विचारलं आज, भिंतीचं. ठोका म्हणाली."

बाकीच्या तीन भिंतींवरची घड्याळं नेहमीसारखी आपापसांत भांडत होती. या भिंतीवरची सगळी एकाच ठोक्यावर चालत होती. इतक्या घड्याळांचा मिळून एकच आवाज येत होता.

पायरीवर बसून मी फोनवर नकाशा उघडला. मावशीच्या घराची कड धरली आणि होती तिथे मागे आणली. पांढरा चौकोन परत आला. गल्ली लाल झाली. मला हायसं वाटलं, आणि मी धावत आत गेले.

भिंत सलग होती. खिळ्याचं भोकही नव्हतं. मावशी घरात नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती, मोरीत नव्हती, माडीवर नव्हती. मी भिंतीवर दोन्ही हातांनी धपके मारले. हाक मारली. भिंतीला कान लावला. तीच मोकळ्या खोलीची शांतता. फक्त आता ती मला ओळखीची वाटली.

कड पुन्हा ओढताना दोनदा चुकलं. गल्ली हिरवी झाली. मागे वळले तर भिंतीत उघडी जागा होती.

"मघाशी दार लावलंस का?" मावशीने विचारलं. पाठमोरीच, अगदी शांतपणे. "राहू दे. त्रास नाही झाला."

७

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी बॅटरी पायऱ्यांवर भेटला. मी त्याला सगळं सांगितलं. तो चेष्टा करील अशी आशा होती. त्याने केली नाही.

"पुसून टाक," तो म्हणाला. "अख्खी गल्ली पुसून टाक. रस्ता जाऊ दे तिथून. लोकांना दुसरीकडे घरं मिळतील."

"मिळतात का कधी?"

तो पट्ट्यावरचे ठोकळे सारखे करायला लागला.

"आणि मावशी आत असताना? वरून डांबर?"

"मग आहे तसं दे. हिरवं आहे ना? तुझी मावशी तिथे सुखात आहे म्हणालीस."

"सुखात आहे असं ती म्हणते. तिचा चेहरा मला दिसला नाही."

रात्रभर मी हेच कोडं फिरवत बसले होते, आणि ते कुठूनही बघितलं तरी सारखंच दिसत होतं. जागा कोणाचीच नाही म्हटलं, तर मावशी आत बंद होते आणि गल्ली जाते. मावशीची म्हटलं, तर गल्ली वाचते आणि मावशी बाहेर येत नाही. घड्याळजींची म्हटलं, तर ते आत जातील, हातात खिळा घेऊन, हसत. ती जागा कोणाच्या तरी नावावर असायला हवी. काल मी ती खुर्चीत बसून एका माणसाला दिली, त्याला न विचारता. मी, जिने सगळ्यांना बजावलं होतं.

मग नीट करायचं, नियमाने करायचं. मावशीची कड तिच्या भिंतीपाशी परत आणायची, पण चौकोन रिकामा ठेवायचा नाही. त्याचं वेगळं घर दाखवायचं. दोन्ही गोष्टी एकाच बटणावर, म्हणजे भिंत मिटायला मधे क्षण मिळणार नाही. मावशीचा बिंदू तिच्या दारात आहे, तिच्या नावाने आहे. नव्या घरात दुसरं नाव लागलं, की तिला तिच्या घरी यावंच लागेल. असं होईलच, हे मला माहीत नाही. माझ्याकडे एवढंच आहे.

"नवं घर," बॅटरी म्हणाला. "आणि राहणाऱ्याचं नाव?"

मी खिशातून फोन काढला.

"ए परदेश, वेडी झालीस का? इथून टाक ना. बस खुर्चीत आणि टाक बिंदू. कोण बघतंय?"

"इथून टाकला म्हणूनच हे झालं. बिंदू दारात उभं राहून घ्यायचा. आत राहणाऱ्याला विचारून."

"आणि तो हो म्हणाला तर?"

तो हो म्हणेल, हे मला ठाऊक होतं. इथे मी प्रामाणिक राहायला हवं. मी मावशीसाठी जाते आहे, गल्लीसाठी जाते आहे, आणि हे खरं आहे. पण मी इतकी वर्षं जे शिकले, ते सगळं चुकांचं शास्त्र होतं. चूक किती, कुठे ढकलायची, कुठल्या बाजूचं खोटं परवडतं. एकदा तरी, एकच बिंदू चुकीशिवाय घ्यावा, असं प्रत्येक नकाशा करणाऱ्याला वाटत असतं. काल उंबऱ्यावर माझा पाय त्याच इच्छेने अडला होता. हेही तितकंच खरं आहे, आणि दोन्हींमधली कड कुठून जाते ते मला सापडत नाही.

बॅटरीने पट्ट्याचा सगळ्यात मोठा ठोकळा काढला आणि माझ्या हातात कोंबला. "परत आणून द्यायचा. ऑफिसचा नाही, माझा आहे."

"बैठकीच्या आत गल्ली हिरवी दिसेल," मी म्हणाले. "दिसली की मावशीच्या दारात जा. ती समोरून दार उघडते का बघ. तिचा चेहरा बघ."

"आणि तू?"

मी फोन चालू केला, नव्या घराचा बिंदू उघडला, आणि राहणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहून गल्लीकडे चालायला लागले. उघड्या आकाशाखाली निळं वर्तुळ चार मीटरांचं होतं.

गल्लीच्या तोंडाशी ते तीनचं झालं.